मूर्दाच्या वाटणीचं पाणी

शीरकूहचा बर्फ वितळून भुयारातून चालत येतो
कोसच्या कोस अंधारात, कुणाचा नसतो तेव्हा.
तफ्तला उजेडात आला
की त्याला नावं लावायचं काम माझं:
हे अमक्याचं, हे तमक्याचं.

माझ्यापुढे घंगाळ, घंगाळात तांब्याचं घटिकापात्र,
बुडाला सुईएवढं भोक.
ते भरतं, बुडतं, टक्क वाजतं.
मी एक खडा उजवीकडून डावीकडे सरकवतो.
एवढा धर्म मला पुरतो, मी बायकोला म्हणायचो.
ती म्हणायची, नमाज चुकवायला बरा बहाणा.

जन्नतीत बागांखालून नद्या वाहतात, आखूंद सांगायचे.
तिथे मोजायला कोण बसतं, मी एकदा विचारलं.
मशीदभर हसू फुटलं.
मी थट्टा करत नव्हतो.

मोरवारीदबानूच्या बागेला
दर चौदाव्या रात्री सात घटिका.
अकरा डाळिंबं, दोन सुरू, भिंतीशी मूर्दाचं झुडूप,
पान चुरडलं की बोटांना दिवसभर वास.
कंदील ती फुंकून विझवायची नाही.
वात खाली करायची, तान्ह्याला निजवावं तशी.
पाटात हात धुवायची नाही.
लोटा भरून लांब जायची, मातीवर धुवायची.
मी वजू करायचो थेट वाहत्या पाण्यात.
ती काही म्हणायची नाही,
फक्त तेवढा वेळ तिकडे बघायची नाही.
तिसऱ्या वर्षी मीही लोटा आणला.

शरदात यझ्दहून सायकलवर रहामीम यायचा, कापडवाला,
त्यांच्या मांडवाच्या सणासाठी मूर्दाच्या तीन डहाळ्या न्यायला.
तीनच, पण अर्धा दिवस खायचा.
चष्मा पुसून पेर अन् पेर तपासायचा:
एका पेरातून तीन पानं, एका पातळीत, हवीत म्हणजे हवीत.
तुझा देव फार चिकित्सक रे, बानू म्हणायची.
देव नाही, तो म्हणायचा, माझा बाप.
उरलेल्या डहाळ्या ती दिव्यापुढे ठेवायची,
तिच्या गेलेल्या माणसांसाठी.

आमची पोर गेली त्या वर्षी
तिने काही विचारलं नाही.
शेवटच्या आंघोळीच्या पाण्यात टाकायला
फडक्यात बांधून पानं पाठवली.
गावात कुणीतरी म्हणालं, परक्या धर्माच्या ओल्या हाताची.
बायकोने त्याच्यासमोरच फडकं सोडलं.

मग एका शरदात रहामीम आला नाही.
त्याच्या दुकानाला दुसऱ्याचं कुलूप दिसलं.
बानूने तीन डहाळ्या तरी तोडून ठेवल्या होत्या.

बानू गेली. मुलगा टोरांटोत.
जमिनीला गिऱ्हाईक नव्हतं, पाण्याला होतं.
सात घटिका पिस्त्याच्या बागवाल्याने घेतल्या,
कागदावर साक्षीला माझीच सही.
डाळिंबं दोन उन्हाळ्यांत वाळली.
सुरू उभे आहेत, पण उभं असणं म्हणजे जिवंत असणं नव्हे.

तर सांगतो.
चौदाव्या रात्री, एकाची पाळी संपून दुसऱ्याची सुरू होताना,
एक घटिका बुडते आणि मी खडा हलवत नाही.
तेवढ्यात फावड्याने पाट फोडतो, भिंतीच्या भोकातून आत.
हे पाणी कुणाचं? सगळ्यांचं, थेंब थेंब.
म्हणजे चोरी सगळ्यांकडून.
चाळीस वर्षं माझ्या खड्यांवर गावाने शपथा घेतल्या.
आखूंदांना विचारलं नाही,
उत्तर ठाऊक असलं की माणूस विचारत नाही.
तिकडे हिशेब मागतील, तेव्हा मागोत.
मीही मोजणारा माणूस आहे, हिशेबाला घाबरत नाही,
म्हणजे, फारसा नाही.

काल चष्मा लावून झुडपापाशी बसलो.
पेर अन् पेर बघितलं.
तीन पानांची डहाळी एकच सापडली,
बाकी सगळ्या दोन-दोनच्या.
रहामीमने टाकून दिल्या असत्या.
मी त्याही लोट्यात ठेवल्या,
आणि लोटा भरायला
पाटापासून जरा लांब गेलो,
सवयीने, उलटाच.
मग हसू आलं, परत फिरलो.